चार महिने जुनं पत्र

सिडनी बंदराच्या काठावर एक टेकडी आहे. आज तिला ऑब्झर्व्हेटरी हिल म्हणतात; १८५० च्या सुमारास तिथे निशाणांचा उंच खांब होता, म्हणून लोक तिला फ्लॅगस्टाफ हिल म्हणत. बंदराच्या तोंडाशी, साउथ हेडच्या कड्यावर, पहारेकऱ्याला समुद्रात शीड दिसलं की तो निशाणं चढवायचा. ती पाहून टेकडीवरच्या खांबावरही निशाणं चढायची आणि गावाला कळायचं की जहाज येतंय, कुठल्या प्रकारचं आहे, कुठल्या दिशेने येतंय. विलायतेच्या टपालाची वाट पाहणाऱ्यांचे डोळे त्या खांबाला लागलेले असत.

त्यांतलीच एक हेन्रिएटा हीथॉर्न. तिचं लग्न ठरलं होतं टॉमस हेन्री हक्स्लीशी. डार्विनच्या बाजूने भर सभेत उभा राहणारा जीवशास्त्रज्ञ हक्स्ली पुढचा. १८४७ साली तो ‘रॅटलस्नेक’ या नौदलाच्या जहाजावर असिस्टंट सर्जन होता, वय बावीस. दोघंही १८२५ सालची, तो ४ मेचा आणि ती १ जुलैची. सिडनीत एका नाचाच्या कार्यक्रमात ओळख झाली आणि त्याच वर्षी लग्न ठरलं. जहाजाचं काम ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्याची आणि न्यू गिनीच्या बाजूची मोजणी करण्याचं, त्यामुळे मोहिमेवर जायचं, महिनोन्‌महिने गायब व्हायचं, परत सिडनीला यायचं, असं चाललं होतं. मे १८५० मध्ये जहाज कायमचं इंग्लंडकडे निघालं. त्यानंतर दोघांची गाठ पडली ती मे १८५५ मध्ये. मधली पाच वर्षं दोघांचं जे काही होतं ते कागदावर होतं.

व्हिक्टोरियन काळातल्या प्रेमपत्रांचं चित्र आपल्या डोक्यात फार गोड असतं. रेशमी फीत, वाळलेलं फूल, वळणदार अक्षर. हे सगळं होतंही. पण दूरदेशीच्या पत्रांत जी शंका दिसते, ती पुष्कळदा समोरच्या माणसाबद्दलची नसतेच. ती टपालाच्या अंतरातून उगवलेली असते. ते अंतर नीट मोजल्याशिवाय ही पत्रं वाचता येत नाहीत, असं मला मनापासून वाटतं. नाहीतर आपण त्या माणसांना उगाच रडवे, संशयी किंवा कोरडे ठरवतो.

हिशेब असा. शिडाचं जहाज लंडनहून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून, दक्षिणेच्या जोरदार पश्चिमी वाऱ्यांवर सिडनीला पोचायचं ते साधारण साडेतीन-चार महिन्यांत. परतीचा रस्ता बहुधा केप हॉर्नवरून, तितकाच किंवा अधिक. म्हणजे आज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आठ महिन्यांनी, आणि जहाज लगेच सुटणारं नसेल तर नऊ-दहा महिन्यांनी. पाच वर्षांत प्रश्न आणि त्याचं उत्तर अशा पुऱ्या फेऱ्या झाल्या तर सहा, फार तर सात. सात प्रश्नोत्तरांत आयुष्यभराचा जोडीदार सांभाळायचा होता!

एक उदाहरण घेऊन पाहावं. ५ जून १८५१ रोजी हक्स्ली रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या मानाच्या संस्थेचा फेलो, म्हणजे सदस्य झाला. सव्विसाव्या वर्षी एवढा मान! ही बातमी त्याने त्याच आठवड्यात टपालात टाकली असं धरलं, तरी सिडनीला ती पोचायला ऑक्टोबर उजाडणार. तिने आनंदाने लिहिलेलं उत्तर लंडनला यायला १८५२ चा फेब्रुवारी. तोवर तो आनंद त्याच्याकडे शिळा झालेला. फेलोशिपला पगार नव्हता. टोरंटोच्या प्राध्यापकपदासाठी त्याने अर्ज केला होता, ते मिळालं नाही. पुढे ॲबर्डीन झालं, कॉर्क झालं, लंडनचं किंग्ज कॉलेज झालं, सगळीकडे नकार. नोव्हेंबर १८५२ मध्ये सोसायटीचं रॉयल मेडल मिळालं, सोन्याचं. तेव्हाही तेच. तिकडून अभिनंदनाचा मजकूर यायचा तो इकडच्या सर्वांत पडत्या दिवशी. आणि इकडचं निराशेचं पत्र तिकडे पोचायचं ते कदाचित इकडे सगळं सुरळीत झाल्यावर. पत्र वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचं आजचं मन कधीच भेटत नाही, चार महिन्यांपूर्वीचं भेटतं. हे डोक्याने कळलं तरी वाचताना विसरलं जातं, कारण शाई तर समोर काळीभोर असते.

त्या काळ्याभोर शाईचंही एक गुपित आहे. तेव्हाची रोजची शाई मायफळ, हिराकस आणि डिंक यांची. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या वैद्याच्या फडताळात सापडतील अशा या वस्तू. लिहिताना ती फिकी, राखाडी दिसते. हवा लागली की काही तासांत, दिवसांत काळी होत जाते. शाईत हिराकस जास्त झाला की वर्षानुवर्षांनी ती कागद खाते आणि अक्षरांच्या जागी बारीक भोकं पडतात. तिने बर्मिंगहॅमची पोलादी निबंही गंजायची, म्हणून टाक लिहून झाल्यावर पुसून ठेवायचा असे. न पुसलेलं निब दुसऱ्या दिवशी कागदाचे तंतू ओढतं, थेंब सांडतं, आणि डाग पडलेल्या ओळीवर वाचणारी चार महिन्यांनी विचार करत बसते की हा थेंब शाईचा की आणखी कशाचा.

कागद एकच, मध्ये दुमडून चार पानांचा. परदेशी टपालाचा दर वजनावर, अर्ध्या औंसाच्या टप्प्याने. अर्धा औंस म्हणजे चौदा ग्रॅम. म्हणून दूर पाठवायचा कागद पातळ घ्यायचा. आणि तरीही जागा पुरत नसे. मग काय करायचं, तर पान भरलं की ते काटकोनात फिरवून, आधीच्या ओळींवरूनच आडवं लिहायचं. एकाच पानावर दोन पानांचा मजकूर, जाळीसारखा. ही सवय जुनी. १८४० पूर्वी इंग्लंडात टपालाचा दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर असे, तोही बहुधा पत्र घेणाऱ्याने भरायचा. लंडनहून एडिंबरोला एका कागदाला शिलिंगाच्या वर पडत. पाकीट घातलं तर तो दुसरा कागद मोजला जाई, म्हणून पत्राचीच घडी घालून लाखेने बंद करत आणि पत्ता शेवटच्या पानाच्या मध्यभागी मोकळ्या सोडलेल्या जागेत लिहीत. १० जानेवारी १८४० पासून टपालसुधारक रोलँड हिलच्या योजनेने देशभर कुठेही अर्ध्या औंसाला एक पेनी झाली, मे महिन्यात तिकीट आलं, पाकिटं रुळली. आडवं लिहिण्याची गरज देशात संपली, पण परदेशी पत्रांत ती टिकून राहिली.

असं पत्र वाचायची एक रीत आहे. पान डोळ्यांसमोर सरळ न धरता किंचित कलतं धरायचं आणि एकाच दिशेच्या ओळींवर नजर ठेवायची. दुसऱ्या दिशेची अक्षरं हळूहळू मागे सरतात. मेणबत्तीच्या उजेडात हे फार अवघड. त्यात पातळ कागद, दोन्ही बाजूंनी उभं-आडवं लिहिलेलं, शाई आरपार उमटलेली: एकावर एक चार थर. काही जण आडव्या ओळींसाठी लाल शाई घेत, तेवढाच दिलासा. पण मनातलं नाजूक असेल ते लोक नेमकं शेवटी लिहितात, म्हणजे जागा संपल्यावर, म्हणजे आडव्या ओळींत. सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य सगळ्यांत दुर्वाच्य जागी! एक नकारार्थी शब्द जाळीत हरवला की वाक्याचा अर्थ उलटा होतो, आणि ‘असं म्हणालास का?’ हे विचारून उत्तर यायला आठ महिने. जाणते लोक म्हणून मोठा निर्णय, पैशाचा आकडा, तारीख ही पहिल्या पानावर, आडव्या ओळींच्या वाटेला न जाणाऱ्या जागी लिहीत.

लाखेचीही भानगड होती. विषुववृत्त ओलांडणाऱ्या जहाजाच्या पोटात लाख वितळते आणि थैलीतली पत्रं एकमेकांना चिकटतात; सोडवताना फाटतात. म्हणून उष्ण मुलखात जाणाऱ्या पत्रांना लाख नको, पिठाच्या चकत्या किंवा गोंद वापरा, असं तेव्हा बजावून सांगितलं जाई.

पत्राची वाट पाहण्यापेक्षाही अवघड गोष्ट म्हणजे पत्र उलटसुलट क्रमाने येणं. शिडाच्या जहाजांचा वेग वाऱ्यावर. महिनाभर उशिरा निघालेलं चांगलं जहाज आधी निघालेल्याला वाटेत गाठून पुढे जाई. म्हणजे रागाचं पत्र मार्चमध्ये टाकलं, पस्तावून एप्रिलमध्ये क्षमेचं पत्र टाकलं, तर क्षमेचं आधी पोचणार. ते वाचणारीला कळेना की क्षमा कशाची. ती तीन आठवडे सगळ्या जुन्या पत्रांत अपराध शोधत बसणार, आणि मग तो अपराध एका सकाळी दारात हजर होणार.

यावर लोकांनी काढलेले उपाय साधे होते, आणि मला ते प्रेमाच्या शब्दांइतकेच हृद्य वाटतात. प्रत्येक पत्राला क्रमांक द्यायचा, म्हणजे बारावं आलं आणि अकरावं आलं नाही हे लगेच कळतं. वर पहिल्या ओळीत लिहायचं की तुझं कुठल्या तारखेचं पत्र हाती आलंय आणि कुठलं अजून नाही. त्यामुळे आपला राग-आनंद कशावरचा आहे ते समोरच्याला समजतं. महत्त्वाचा मजकूर असेल तर नक्कल करून दुसऱ्या जहाजानेही पाठवायचा. व्यापारी हे नेहमीच करत, प्रेमिकांनी त्यांच्याकडून उचललं. आणि सगळ्यांत मोठा उपाय म्हणजे उत्तराची वाट न पाहता लिहीत राहणं. रोज थोडं, रोजनिशीसारखं, आणि टपाल बंद व्हायच्या दिवशी जे झालं असेल ते पाकिटात घालायचं. हेन्रिएटानेही त्याच्यासाठी रोजनिशी ठेवली होती. रोजनिशीत आज चिडलेली मुलगी तीन दिवसांनी निवळलेली दिसते, आणि वाचणाऱ्याच्या हाती एका क्षणाऐवजी महिनाभराचं मन येतं. एका बैठकीत लिहिलेलं पत्र त्या बैठकीच्या मूडचं असतं. त्याच्यावर चार महिन्यांचा प्रवास घडला की तो मूड कायमचा वाटायला लागतो.

अशा अंतरावर काही विषय झेपतच नाहीत. या दोघांत श्रद्धेचा विषय तसा होता. तिचं काही शिक्षण जर्मनीत नॉयवीडला मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत झालेलं, मन भाविक. त्याची बुद्धी प्रत्येक गोष्टीला पुरावा मागणारी. समोरासमोर बसून एका संध्याकाळी ज्याचा निचरा होईल, चेहरा पाहून ज्याची धार कमी होईल, ते कागदावर वर्षभर ताटकळतं. ‘तू असा का झालास’ याला नऊ महिन्यांनी मिळणारं उत्तर आणखी दोन प्रश्न घेऊन येतं.

पत्र लिहायला मिळणं हीच मुळात साधी गोष्ट नव्हती. लग्न न ठरलेल्या मुला-मुलीने एकमेकांना पत्रं लिहिणं शिष्टसंमत नसे; नियमित पत्रव्यवहार दिसला की लोक लग्न ठरलं असं समजत. ठरलेलं मोडलं तर पत्रं, भेटी, तसबिरी परत करायच्या. त्यामागे कायद्याचाही धाक होता. इंग्लंडात लग्नाचं वचन मोडल्याबद्दल नुकसानभरपाईचा दावा लावता येई, बहुधा मुलीकडून, आणि १८६९ पर्यंत अशा खटल्यात वादी-प्रतिवादींना स्वतः साक्ष देता येत नव्हती. मग पुरावा काय? पत्रं. ती भर कोर्टात वाचली जात, वर्तमानपत्रांत छापली जात. (हा दावा इंग्लंडच्या कायद्यातून गेला तो थेट १९७० च्या कायद्याने.) हे लक्षात घेतलं की काही पत्रांतला जपून टाकलेला शब्द, प्रेम असूनही अंगचोर वाटणारी भाषा, वेगळी दिसू लागते.

अंतर कमी असलं की काय होतं, त्याची तुलना करण्यासाठी कवी रॉबर्ट ब्राउनिंग आणि कवयित्री एलिझाबेथ बॅरेट यांच्याकडे पाहावं. दोघंही लंडनकर. १० जानेवारी १८४५ ला त्याचं पहिलं पत्र, २० मेला पहिली भेट, १२ सप्टेंबर १८४६ ला गुपचूप लग्न. वीस महिन्यांत ५७३ पत्रं हाती राहिली आहेत. लंडनच्या टपालाच्या दिवसातून अनेक खेपा असत, सकाळच्या पत्राचं उत्तर संध्याकाळी येई. पहिल्या भेटीनंतर त्याने उतावळेपणाने एक पत्र लिहिलं, तिला ते फार झालं, तिने परत पाठवलं, त्याने जाळून टाकलं. त्या पत्रव्यवहारातून नाहीसं झालेलं पत्र ते एवढंच. चूक झाली, परत आली, राख झाली, पुढचं पत्र आलंही. सिडनीच्या अंतरावर हे घडलंच नसतं. तिथे फेकलेला शब्द परत घेता येत नाही.

आपल्या मुंबईची गोष्ट या दोन टोकांच्या मधली. त्याच दशकात विलायतेची डाक आगबोटीने अलेक्झांड्रियाला, तिथून जमिनीवरून सुएझला, आणि पुन्हा आगबोटीने मुंबईला यायची. साधारण दीड महिन्याचा प्रवास. इथल्या इंग्रज कारकुनाला आणि लष्करी अधिकाऱ्याला लंडनहून उत्तर तीन महिन्यांत मिळू शकत होतं. सिडनीतल्या तरुणीला मुंबईकरांचा हेवा वाटावा असंच हे. १८७० मध्ये समुद्राखालची तार मुंबईला पोचली, ऑस्ट्रेलियाला १८७२ मध्ये. तोवर हेन्रिएटाची वाट पाहणं कधीच संपलेलं होतं.

१८५१ मध्ये ऑस्ट्रेलियात सोनं सापडलं, आणि शंकांचं एक नवं दार उघडलं. बंदराला लागलेल्या जहाजांवरचे खलाशी सोन्याच्या मागे पळून जात, आणि जहाजं माणसांवाचून नांगरावर पडून राहत. निघायच्या तारखेला टपाल निघेलच याचा भरवसा राहिला नाही. दुसऱ्या बाजूने त्याच सोन्यामुळे वेगवान जहाजं आली: १८५२ मध्ये ‘मार्को पोलो’ लिव्हरपूलहून मेलबर्नला ७६ दिवसांत पोचलं. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाला टपालाच्या आगबोटी सुरू झाल्या. पुढे क्रिमियाच्या युद्धासाठी आगबोटी काढून घेतल्या आणि पुन्हा शिडांवर भिस्त आली. पत्र आलं नाही, तर कारण जहाज अडकलं हे असेल, वारा पडला हे असेल, आगबोट युद्धावर गेली हेही असेल. रात्री उशाशी बसलेल्या मनाला यांतलं एकही सुचत नाही. त्याला एकच सुचतं, की त्याचं मन बदललं.

त्याच्या बाजूची शंका वेगळी होती. पैसा नाही, जागा नाही. विज्ञानात नाव आहे पण घर चालेल असं काही नाही. नौदलाने संशोधन लिहून काढायला रजा दिली होती, ती तुकड्या-तुकड्यांनी वाढत होती. एका मुलीला तिकडे ताटकळत ठेवायचा मला हक्क आहे का, हा प्रश्न त्याला छळत होता. विज्ञान सोडून ऑस्ट्रेलियाला परत जावं, काहीही धंदा करावा, हाही विचार झाला. आणि मग जुलै १८५३ च्या पत्रात तो तिला निश्चयाने कळवतो की लंडन सोडणार नाही. नाव, स्थान आणि मिळकत हे तिन्ही विज्ञानातूनच मिळवीन. हे वाक्य लिहिताना त्याच्या हातात काहीही नव्हतं. १८५४ च्या सुरुवातीला नौदलाने जहाजावर हजर व्हायचा हुकूम दिला, त्याने नकार दिला, आणि मार्चमध्ये त्याचं नाव यादीतून कमी झालं. उरलासुरला पगारही गेला. हे तिला कळायला जुलै उजाडला असणार, आणि तोवर लंडनमध्ये फासा पालटला होता: निसर्गशास्त्रज्ञ एडवर्ड फोर्ब्सची बदली एडिंबरोला झाली आणि जुलैमध्ये ‘स्कूल ऑफ माइन्स’ या खाणविद्येच्या कॉलेजमधली त्याची जागा हक्स्लीला मिळाली. तिकडे ती वाईट बातमी वाचत असताना चांगली बातमी समुद्रावर, वाटेत कुठेतरी.

त्याने लंडनमध्ये तिला मे १८५५ मध्ये पाहिलं तेव्हा ती फार आजारी होती. एका डॉक्टरने तर सहा महिन्यांची मुदत सांगितली. २१ जुलैला त्यांचं लग्न झालं. ती १९१४ पर्यंत जगली, त्याच्यानंतर एकोणीस वर्षं.

सिडनीचं बिऱ्हाड आवरून ती निघाली तेव्हा तिच्या नावाची आणखी काही पत्रं टपालात असणारच. ती निघाल्याची खबर लंडनला पोचायच्या आत इकडून पत्र टाकलं गेलं, की ते दक्षिणेकडे चाललेलं आणि ती उत्तरेकडे चाललेली. दोन जहाजं एकाच महासागरात, एकमेकांपासून शेकडो मैलांवरून जाणारी. पत्र सिडनीच्या बंदरात येतं, टेकडीवर निशाण चढतं, टपाल कचेरीत थैली उघडते, आणि पाकिटावरच्या नावाचं माणूस तिथे नसतं. मग कुणीतरी पत्ता खोडून त्याच्या शेजारी लंडनचा पत्ता लिहितं आणि ते पत्र पुन्हा चार महिन्यांच्या वाटेला लागतं.